ओव्हनमधला मसालेदार फ्लॉवर, एकदम खरपूस

फ्लॉवर ओव्हनमध्ये भाजायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात मसाला कुठला घालू, पण मसाल्याचं नंतर बघू, आधी पाण्याचं बघा. फ्लॉवरमध्ये ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं आणि ते उडाल्याशिवाय त्याला खरपूस रंग येत नाही, नुसता वाफवल्यासारखा गिळगिळीत होतो.

साधारण अर्धा किलोचा गड्डा घ्या, पांढरा आणि घट्ट. जरा मोठे तुरे काढायचे कारण भाजल्यावर ते बरेच आक्रसतात, आणि मोठ्या तुऱ्याचे उभे दोन भाग करायचे म्हणजे सपाट बाजू ट्रेला टेकते, तिथेच तर खरा रंग चढतो. देठ प्लीज फेकू नका, वरचं जाड साल काढून चकत्या करा, भाजल्यावर मस्त गोडसर लागतात. कोमट मिठाच्या पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवा म्हणजे अळ्या असतील तर निघतील, मग निथळून कोरड्या फडक्यावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवायचं. ही स्टेप गाळू नका, खरंच.

आता ओटीजी, म्हणजे रॉडवाला छोटा इलेक्ट्रिक ओव्हन, २२० डिग्री सेल्सिअसवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं प्रीहीट, आणि ट्रे आतच तापू द्या. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडच लावा, साध्या मायक्रोवेव्ह मोडवर हे होणार नाही.

तोवर तुऱ्यांना ३ टेबलस्पून तेल हाताने नीट चोळा, तेल आधी आणि मसाला नंतर, म्हणजे मसाला सगळीकडे सारखा बसतो. मग १ टीस्पून तिखट, १ टीस्पून धणे-जिरे पूड, पाव टीस्पून हळद, मीठ, आणि १ टेबलस्पून बेसन, बेसनाने वरून छान कुरकुरीत थर येतो. दही मात्र नको, आपण मघापासून पाणी घालवतोय आणि दह्याने ते परत येतं. गोडा मसाला मला यात हवाच, पण तो सुरुवातीला नाही घालायचा, त्यातलं खोबरं-तीळ आधीच भाजलेलं असतं, एवढ्या आचेवर अर्धा तास ठेवलं तर करपून कडू होणार. लसणाचंही तेच.

गरम ट्रेवर तुरे सपाट बाजू खाली करून एकेक सुटे ठेवा, एकावर एक अजिबात नको, मावत नसतील तर दोन घाणे करा पण गर्दी नको. १५ मिनिटं हात लावू नका, मग उलटा, अजून ५-७ मिनिटं, मग १ टीस्पून गोडा मसाला आणि ठेचलेल्या ४-५ लसूण पाकळ्या चमचाभर तेलात कालवून वरून टाका आणि शेवटची ५ मिनिटं. प्रत्येक ओव्हन वेगळा, त्यामुळे घड्याळापेक्षा रंग बघा, कडा गडद तपकिरी व्हायला हव्यात, नुसत्या पिवळ्या दिसल्या तर अजून ठेवा.

लिंबू आणि कोथिंबीर बाहेर काढल्यावरच. आमटी-भाताबरोबर लगेच वाढा, झाकून ठेवलात तर वाफ धरून मऊ पडतो. उरलाच तर दुसऱ्या दिवशी लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर परता आणि भाकरीबरोबर खा.