कॅम्पर ट्रेलर ओढायचाय? हिच घेण्याआधी गाडीच्या दारावरचा स्टिकर वाचा

अमेरिकेत कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न असतो, ‘आपली गाडी किती ओढेल?’ माहितीपत्रकात उत्तर तयार असतं: ५,००० पौंड. मग तेवढ्या क्षमतेचा हिच (गाडीला ट्रेलर जोडणारी जोडणी) शोधला जातो आणि ट्रेलरही त्याच आकड्याच्या आसपासचा पसंत होतो. पण घरच्या एसयूव्हीची ओढण्याची ताकद बहुधा पुरते, आधी संपते ती वजन पेलण्याची क्षमता. म्हणून खरेदी दुकानात नव्हे, ड्रायव्हरच्या दारापाशी सुरू करा.

१. आधी वजनाचा हिशेब

दार उघडलं की खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारा स्टिकर दिसतो. त्यावर एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त भार नको. हा तुमच्या गाडीचा पेलोड. ट्रेलर स्वतःच्या चाकांवर चालतो खरा, पण त्याच्या पुढच्या टोकाचा भार हिचवर, म्हणजे गाडीवरच येतो. त्याला टंग वेट म्हणतात आणि तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो.

समजा पेलोड १,१०० पौंड आहे आणि ट्रेलरचं कमाल वजन ४,४०० पौंड. १३ टक्क्यांनी टंग वेट झालं ५७२. आईवडील आणि दोन मुलं मिळून ४८०. खुद्द हिचचं सामान धरा ८०. बेरीज १,१३२! डिकीत अजून एक पिशवीही ठेवलेली नाही आणि ५,००० पौंड ओढणारी गाडी ४,४०० पौंडांच्या ट्रेलरला अपुरी पडली.

या हिशेबात विक्रेता सांगतो ते ‘ड्राय वेट’ कधीही धरू नका. त्यात पाणी, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण काहीच नसतं. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली तरी ३३० पौंड वाढतात. ट्रेलरवरच्या पाटीत जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानासकट ट्रेलरचं कमाल वजन, म्हणून जो आकडा असतो, तोच घ्या.

टंग वेट कमी करायला ट्रेलरमधलं पुढचं सामान मागे ढकलणं हा उपाय नाही. बैलगाडी उलार झाली की जू वर उचललं जातं, तसाच मागे जड झालेला ट्रेलर गाडीची मागची बाजू हलकी करतो. हायवेवर त्याची शेपटी डावी-उजवीकडे झुलू लागली की आवरणं फार कठीण जातं. हा धोका मी सगळ्यात वर ठेवतो.

२. हिच आणि रिसीव्हर

गाडीच्या खाली चासीला बोल्टने बसतो तो रिसीव्हर. क्लास १ आणि २ चे रिसीव्हर बहुधा सव्वा इंची, अनुक्रमे २,००० आणि ३,५०० पौंडांपर्यंतचे. झोपायची सोय असलेल्या बहुतेक ट्रेलरना २ इंची क्लास ३ लागतो. तुमच्या गाडीचं मॉडेल आणि साल टाकून नेमका तिच्यासाठीच बनवलेला घ्या. कर्ट, रीस या हिच बनवणाऱ्या कंपन्यांच्या याद्यांत तसा शोध घेता येतो. सव्वा इंचीला २ इंची करणारा अडॅप्टर मिळतो, पण त्याने क्षमता तसूभरही वाढत नाही.

रिसीव्हरच्या लेबलवर क्षमतेच्या दोन जोड्या असू शकतात: भार थेट बॉलवर (ट्रेलर ज्यावर टेकतो तो गोळा) असताना किती आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (तो भार गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवरही वाटून देणारा) लावल्यावर किती. सोबत गाडीचं मॅन्युअलही उघडा. काही गाड्यांना असा हिच ठरावीक वजनापुढे सक्तीचा असतो, तर काहींना तो चालतच नाही. गाडी, रिसीव्हर, बॉल माउंट (रिसीव्हरमध्ये घालायचा, बॉल धरणारा दांडा), बॉल, कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं पुढचं टोक) यांत ज्याचा आकडा सर्वांत लहान, तीच तुमची मर्यादा.

वापरलेला हिच स्वस्तात मिळत असेल तर वेल्डिंगजवळ बारीक तडे बघा. लेबल गेलेलं असेल तर घेऊच नका.

३. बॉल

अमेरिकेत बहुधा तीन मापं चालतात: १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच. बॉलच्या डोक्यावर किंवा मानेजवळ माप आणि क्षमता कोरलेली असते, कपलरवरही असते. दोन्ही तंतोतंत जुळायला हवीत. २ ५/१६ च्या कपलरखाली २ इंची बॉल गेला तर खटका बसल्यासारखा वाटतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर उडून बाहेर येऊ शकतो. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात ५० मिलिमीटरचा बॉल असतो. तो २ इंचीसारखाच दिसतो, पण एकाच्या जागी दुसरा वापरू नका.

बॉल माउंट घेताना ट्रेलर सपाट जागी समतल उभा करून कपलरची उंची मोजा, मग रिसीव्हरची. फरकाइतका चढ किंवा उतार असलेला माउंट निवडा.

४. ब्रेक, वायरिंग, साखळ्या

बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, काही ठिकाणी त्याहून हलक्यालाही. माझं मत विचाराल तर ब्रेक असलेलाच ट्रेलर घ्या. गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर ‘प्रपोर्शनल’ हवा: गाडी जितक्या जोराने थांबते, तितकाच जोर तो ट्रेलरच्या ब्रेकना देतो. चार पिनांच्या कनेक्टरमधून फक्त दिवे चालतात. इलेक्ट्रिक ब्रेकना बहुधा सात पिनांचा लागतो.

साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलर निसटला तरी त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. ब्रेकअवे केबल मात्र साखळीच्या हुकात अडकवू नका, गाडीच्या वेगळ्या पक्क्या जागी अडकवा. ट्रेलर सुटला की हीच केबल पिन ओढून त्याचे ब्रेक लावते. तिची बॅटरी उतरलेली असेल तर ती केवळ शोभेची, तेव्हा निघण्यापूर्वी पिन ओढून खात्री करा आणि लगेच परत बसवा.

५. जोडल्यावर

कपलरचा खटका लावा, त्यात पिन घाला आणि ट्रेलरचा जॅक पुन्हा थोडा वर फिरवा. गाडीची मागची बाजू सोबत उचलली जायला हवी. कपलर एकटाच वर आला तर बॉल धरलेला नाही. मग कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक आणि वळणाचे दिवे तपासा.

पहिल्या प्रवासाला निघाल्यावर वाटेतल्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा) असेल तर सगळी मंडळी आणि सामान आत ठेवूनच गाडी त्यावर न्या. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. मागच्या ॲक्सलचा आकडा दाराजवळच्या दुसऱ्या पाटीवरच्या मर्यादेत आहे ना, हे आधी बघा. जास्त असेल तर डिकीतलं जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलवर, मधोमध हलवा आणि पुन्हा वजन करा. सुमारे ५० मैलांनंतर थांबून ट्रेलरच्या चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासून घ्या.