शुगर असताना श्रावण सोमवार कसा धरावा

सकाळची गोळी घेतली, उपवास म्हणून नुसता चहा प्यायला आणि निंदायला वावरात गेलं, की दुपारच्या आत शुगर उतरते. घरी येऊन ताटभर साबुदाण्याची उसळ खाल्ली, की तीच चढते. म्हणून तयारी फराळापासून नाही, गोळीपासून करायची.

आठवडाभर आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोट रिकामं असलं तरी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पुष्कळदा एकाच गोळीत दोन्ही असतात, तेव्हा गोळी रंगावरून ओळखू नका, नाव वाचून घ्या. त्या दिवशी कोणती गोळी, किती, केव्हा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनानं बंद करू नका. इन्सुलिनवाल्यांनी डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय उपवास धरू नये. गरोदर बाया, किडनीचा आजार असलेले आणि नुकतीच शुगर उतरून बेशुद्ध पडलेले यांनी धरूच नये. निर्जळी तर शुगरवाल्या कोणीच नको.

आता फराळ. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 87 ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं जवळपास नाहीत. त्यात बटाटा म्हणजे पिठात पीठ. त्याऐवजी वाटीभर शिजलेली भगर, दाण्याची आमटी, काकडी आणि ताक घ्या. भगर चालते म्हणून थाळीभर खाल्ली तर फायदा गेला. मध्ये भूक लागली तर मूठभर भाजलेले शेंगदाणे. चहा बिनसाखरेचा. तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं ठेवू नका आणि त्या दिवशी निंदण टाळता आलं तर टाळाच.

ग्लुकोमीटरवर सकाळी, दुपारी आणि अस्वस्थ वाटेल तेव्हा शुगर बघा. बोटातून थेंबभर रक्त काढल्यानं उपवास मोडत नाही. 70 च्या खाली किंवा 300 च्या वर आकडा गेला, की उपवास तिथेच सोडायचा.

हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उन्हाचा त्रास समजून बांधावर बसून राहू नका. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. शेंगदाण्याचा लाडू इथे उपयोगाचा नाही, त्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा 70 च्या खालीच असेल तर परत तेवढीच साखर. सावरल्यावर जेवा आणि दवाखान्यात जा, कारण ग्लिमेपिराइडचा असर टिकतो आणि शुगर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

संध्याकाळी उपवास सोडताना आधी भाजी आणि घट्ट वरण, मग एक ज्वारीची भाकर. भंडारा-गोंदियाकडे भाताशिवाय जेवण होत नाही; तिथे भाकरीऐवजी वाटीभर भात, दोन्ही नाही. नैवेद्याचं गोड चमचाभर पुरे.

एकादशीला हाच हिशेब चालत नाही. ती दुसऱ्या दिवशी सुटते, त्यामुळे रात्रीच्या गोळीचं डॉक्टरांना वेगळं विचारा.