शाळेसाठी लिलाव: दुकानदाराकडे वस्तू मागताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी आमच्या लिलावाला भिंतीवरची सात घड्याळं आली. त्यातल्या तीन घड्याळांच्या तबकडीवर देणाऱ्या दुकानाचंच नाव छापलेलं होतं. चूक दुकानदारांची नव्हती. प्रयोगशाळेच्या टेबलांसाठी पैसे उभे करायचे म्हणून स्नेहसंमेलनाला जोडून दान मिळालेल्या वस्तूंचा लिलाव ठरवला आणि आम्ही पालक बाजारपेठेत "शाळेसाठी काहीतरी द्या हो" म्हणत हिंडलो. "काहीतरी" म्हटलं की माळ्यावरचं निघतं.

वस्तूचं नाव न घेता मागणं

दुसऱ्या वर्षी यादी करून गेलो. भांड्यांच्या दुकानात पाच लिटरचा कुकर, साडीच्या दुकानात एक काठपदराची साडी. माल बरा आला, तरी बोली मात्र छापील किमतीच्या अलीकडेच अडकायची. कुकरच्या खोक्यावर आकडा दिसत असताना त्याच्यावर कोण जाईल? हैदराबादजवळच्या बाळापूरच्या गणपतीचा लाडू १९९४ साली लिलावात ४५० रुपयांना गेला होता, २०२४ मध्ये तो ३० लाख १ हजारांवर पोचला. त्या लाडवावर एमआरपी नसते, मान असतो. शाळेकडे तेवढा मान नाही, पण एमआरपी नसलेल्या गोष्टी मागता येतात.

आमच्याकडे सगळ्यात चुरस झाली ती एका चिठ्ठीवर. ट्रॅक्टरवाल्या एका पालकांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं होतं: "एक एकर नांगरट, मृगाच्या आधी." फोटो स्टुडिओवाल्यांनी घरी येऊन सगळ्या कुटुंबाचा फोटो काढून देऊ म्हटलं, आंबेवाल्यांनी अक्षय तृतीयेला घरपोच हापूसची पेटी. दुकानदाराच्याही गल्ल्यातून लगेच काही जात नाही, त्यामुळे "हो" लवकर येतं. फक्त अटी तिथेच लिहून घ्या. आम्ही डिझेल कुणाचं ते लिहिलं नव्हतं. मे महिन्यात बोली जिंकलेले काका आणि ट्रॅक्टरवाले दोघंही मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये हजर!

भवानी व्हायच्या आत दारात उभं राहणं

सकाळी दुकान उघडताना फुकट मागणारा कुणालाच नको असतो. आठवडी बाजाराचा दिवस, दिवाळीचा आठवडा आणि गणपतीच्या पावतीपुस्तकांचे दिवस सोडून द्या. तुळशीचं लग्न झाल्यावर, दुपारी तीनच्या सुमाराला जा. त्या वेळी शेठ स्वतः गल्ल्यावर असतात आणि बोलायला सवड असते. नोकराकडे पत्र ठेवून परत आलात तर ते पत्र पुड्या बांधायला जातं.

मुलांना पावतीपुस्तक घेऊन पाठवू नका. आणि ज्यांचं मूल वर्गात आहे त्या दुकानदाराकडे वर्गशिक्षकांनी जाऊ नये. तो माणूस नाही म्हणूच शकत नाही, मग मनात राग धरतो.

पत्रात गोड बोलून मुद्दा विसरणं

"शिक्षण हे वाघिणीचं दूध" वगैरे दुकानदार वाचत नाही. संस्थेचं लेटरहेड, नोंदणी क्रमांक, पैसा नेमका कशाला, कोणती वस्तू हवी, ती न्यायला कोण कोणत्या तारखेला येणार, मुख्याध्यापकांची सही. एका पानात. दुकानाचं नाव त्याच पत्रावर त्यांच्या हातून लिहून घ्या, कारण फ्लेक्सवर "ट्रेडर्स"चं "ट्रेडिंग" झालं तर पुढच्या वर्षी त्या दारात जायची सोय राहत नाही.

चार पालकांनी आपल्या नावावर पैसे गोळा करू नयेत. नोंदणी नसलेल्या गटाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खाली घेतात तीच. शाळा किंवा संस्थेच्या खात्यातच पैसा जाऊ द्या.

करसवलतीचं आश्वासन देऊन बसणं

आमच्यातले एकजण उत्साहात सगळ्यांना "८०जी मिळेल" सांगत सुटले होते. वस्तू दिली तर ती सवलत मिळत नाही, आणि रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तरी मिळत नाही. शिवाय संस्थेकडे तशी मान्यता असावी लागते ती वेगळीच. नंतर सीएंकडून खरं कळल्यावर एका व्यापाऱ्याने मला भर रस्त्यात थांबवून विचारलं होतं. तालुक्याच्या दुकानदाराकडे सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाची, भाषाही नको. तो कायदा ५ कोटी निव्वळ नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता असलेल्या कंपन्यांसाठी आहे.

उरलेल्या वस्तूंचा "लकी ड्रॉ" काढू म्हणून कुपनं विकायची टूम हमखास निघते. तिथेच थांबवा. विनापरवाना लॉटरी हा गुन्हा आहे.

बोली लागत नसेल तर

बहुतेक वेळा सुरुवातीची किंमत जास्त असते. बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू करा, शंभर-शंभरनी चढू द्या. पाचशेची उडी लावली की मागच्या रांगा गप्प होतात. पुकारायला भाषण करणारे सर नकोत, "एक वार, दोन वार" म्हणताना समोरच्याच्या डोळ्यात बघून थांबू शकणारा माणूस हवा. आमच्याकडे भाजी मंडईतले एक आडते आले आणि पहिल्या पाच मिनिटांत आम्हाला फरक कळला. नांगरटीसारखी चीज अगदी आधी काढू नका, सगळ्यात शेवटीही नाही. आणि जेवणं लिलावानंतर. आधी वाढलीत तर मसालेभात संपेपर्यंत मांडव रिकामा.

वसुली

बोली मोठी आणि खिसा रिकामा, असे एक-दोघं दरवर्षी निघतात. देवळाच्या लिलावात काही ठिकाणी पुढच्या उत्सवापर्यंत उधारी चालते, त्याच सवयीने लोक इथेही हात वर करतात. म्हणून वस्तू हातात देण्याआधी त्याच टेबलावर क्यूआर कोड, पावती आणि नाव-नंबराची वही ठेवा. टेबलावर गणिताच्या बाईंना बसवा.

महिन्याभरात प्रत्येक दुकानात प्रयोगशाळेच्या टेबलांचा फोटो आणि हिशेबाचा कागद द्या. सात घड्याळांपैकी न खपलेली दोन आता सातवी-अ आणि सातवी-ब मध्ये आहेत. अ मधलं दहा मिनिटं पुढे चालतं, त्यामुळे मधल्या सुट्टीवरून रोज वाद.