एचआयडी हेडलाइटची लुकलुक कशी थांबवली
माझ्या गाडीचा मूळ रिफ्लेक्टर एच४ प्रकारच्या हॅलोजन बल्बच्या तंतूसाठी घडवलेला असल्यामुळे त्यात एचआयडी (तंतूऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने उजळणारा) बल्ब तसाच बसवणे म्हणजे प्रकाश विखरून समोरच्या चालकाचे डोळे दिपवणे होय. म्हणून मी प्रोजेक्टर (भिंगातून प्रकाश नेमका पुढे टाकणारा दिवा), डी२एस प्रकारचा एचआयडी बल्ब आणि ३५ वॅटचा बॅलास्ट (बल्बला वीज पुरवून ती काबूत ठेवणारे उपकरण) निवडला. तरीही दिवे लावताच एक बाजू लुकलुकून विझत असे. बल्बमधल्या झेनॉन वायूत ठिणगी पाडण्यासाठी बॅलास्ट सुमारे २०,००० व्होल्टचा झटका देतो, आणि बल्ब तापेपर्यंत तो नेहमीपेक्षा बराच जास्त विद्युतप्रवाह ओढतो, जो जुन्या बारीक वायरींना पेलवत नव्हता. बॅटरीवरून थेट जाड वायर, फ्यूज आणि रिले (थोड्या विजेने चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) घातल्यावर लुकलुक थांबली. त्यानंतर सपाट जागी, भिंतीसमोर गाडी उभी करून प्रकाशाची वरची कड खाली झुकवून घेतली. हे काम कुणीही टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.