हँडल कापायच्या आधी: जुन्या कस्टम गाडीच्या दारांना पुशबटण बसवायची तयारी

जुन्या कस्टम, म्हणजे आपल्या आवडीने बदललेल्या, गाडीच्या दाराचं हँडल काढून तिथे पुशबटण बसवायचं ठरलं की हात पहिल्यांदा ग्राइंडरकडे जातो. जाऊ देऊ नका. हँडल काढून भोक बुजवणं हे या सगळ्यातलं शेवटचं काम. दार बटणावर उघडतंय का, नीट लागतंय का, बॅटरी मेलेली असतानाही बाहेरून उघडता येतंय का, हे सगळं हँडल जागेवर असतानाच करून बघता येतं, आणि एकदा पत्रा वेल्ड झाला की मग काही राहिलंय असं कळलं तर दार परत कापायची पाळी येते. म्हणून खाली जे लिहितोय ते करायच्या क्रमानेच लिहितोय.

आधी कुठल्या प्रकारचं बटण ते ठरवा. ही हौस तशी जुनीच, १९४१ च्या लिंकन काँटिनेंटलला फॅक्टरीतूनच बाहेरच्या हँडलच्या जागी पुशबटण आलं होतं, आणि पुढे १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरीवर तर कस्टमवाल्यांनी दारं गुळगुळीत करायचा धडाकाच लावला. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे यांत्रिक बटण, जे दाबलं की आतला दांडा लॅचची (दार लावलेलं धरून ठेवणाऱ्या खटक्याची) पट्टी ढकलतो आणि लॅच सुटते, वायरचा संबंध नाही. दुसरा सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळाली की आपला दांडा आत ओढून घेणारं विद्युतचुंबक: लपवलेला स्विच किंवा रिमोट दाबायचा आणि विजेवर लॅच ओढली जाणार. माझं मत विचाराल तर गाडी रोज चालवायची असेल तर निदान ड्रायव्हरच्या दाराला यांत्रिक बटणच लावा, दिसायलाही छान दिसतं. पण बटण आत ढकललं जातं आणि लॅचची पट्टी बऱ्याचदा वर किंवा मागे जायला हवी असते, त्यामुळे मधे दिशा बदलणारा एक तरफ लागतो, आणि पट्टीला किती मिलिमीटर चाल हवी ते मोजल्याशिवाय बटण विकत घेऊ नका.

मग दाराची तब्येत. दार अर्धवट उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला, ते वरखाली हललं तर बिजागरीच्या पिना झिजल्यात आणि त्या बदलल्याशिवाय पुढचं काहीच करण्यात अर्थ नाही, कारण ओघळलेलं दार लॅचवर आडवा ताण देतं आणि हाताने आपण ते नकळत उचलून उघडतो, सोलेनॉइडला ते जमत नाही. रबर बीडिंग बदलायचं असेल तर आत्ताच बदला. नवीन रबर जाड असतं, ते दार बाहेर ढकलतं आणि लॅच घट्ट होते, म्हणजे जुन्या रबरावर घेतलेली मापं फुकट. लॅच जुनीच ठेवायची असेल तर उघडून रॉकेलने धुवा, ग्रीस करा, दात झिजलेत का बघा. झिजले असतील तर दोन जबड्यांची बेअर क्लॉ लॅच बसवायचा हाच मोका आहे, तिला दोन टप्पे असतात, दार पूर्ण लागलं नाही तरी पहिल्या टप्प्यात अडकून राहतं, आणि उलट्या उघडणाऱ्या दारांच्या गाडीत तर मी दुसरं काही सुचवणारच नाही.

आता मोजमाप, आणि इथे घाई नको. एक ताणकाटा घ्या, मासे किंवा सामान तोलायचा लटकता काटा असतो ना तोही चालेल. दार लावा, आतलं पॅनल काढलेलं असू दे, लॅचच्या पट्टीला तार बांधून काटा अडकवा आणि ज्या दिशेला सोलेनॉइड ओढणार त्याच दिशेला हळूहळू ओढा. लॅच सुटते त्या क्षणाचा आकडा लिहून ठेवा, आणि दार बाहेरून कोणाला तरी जरा दाबून धरायला सांगून परत एकदा घ्या, एकदा दार जरा बाहेर खेचून धरून घ्या. तिन्हीतला मोठा आकडा धरायचा आणि त्याच्या दुप्पट ताकदीचं सोलेनॉइड घ्यायचं. दुप्पट का, तर सोलेनॉइडवर छापलेली ताकद दांडा आत जात आला की मिळते, सुरुवातीला दांडा बाहेर असताना ओढ बरीच कमी असते, आणि लॅच सोडवायला नेमका जोर सुरुवातीलाच लागतो. म्हणून केबलमध्ये थोडी ढील ठेवा, दांडा जरा पळाला की मग पट्टीला झटका बसतो. केबल शक्यतो सरळ न्या, कप्पीवरून वळवली की जोर वाया जातो. बाजारात बहुतेक किट ३५, ५० पौंड अशा मापात येतात, १ पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, तेवढा हिशोब करून घ्या.

सोलेनॉइड दारात कुठे बसेल हे डोळ्याने ठरवू नका, पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा बनवा आणि दाराच्या पोकळीत टेपने चिकटवा. मग काच पूर्ण खाली करा. हळू करा, कान देऊन. पुठ्ठा घासल्याचा आवाज आला, किंवा काच शेवटच्या बोटभर अंतरावर अडली, तर जागा चुकली. काच उतरवायच्या यंत्राचे हात पण फिरताना किती बाहेर येतात ते बघा, वर असताना वेगळीकडे असतात आणि खाली असताना वेगळीकडे. हा पुठ्ठ्याचा उद्योग पोरखेळ वाटतो खरा, पण काच फुटण्यापेक्षा बरा.

हँडल गेलं की दार ओढायला काहीच धरायला राहत नाही, हे लोकांच्या फार उशिरा लक्षात येतं. म्हणून पॉपर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या खांबावर बसवायचा स्प्रिंगचा खुंटा, लॅच सुटली की तो दार बोटं जातील इतकं बाहेर ढकलतो. तो बिजागरीच्या समोरच्या बाजूला बसवा आणि दारावर जिथे टेकणार तिथला पत्रा जाड आहे ना बघा, पातळ असेल तर मागून पट्टी द्या नाहीतर तिथे खड्डा पडतो. फार कडक स्प्रिंगही नको, दार आपटावं लागतं आणि कोणीतरी हळू लावलं की ते पहिल्या टप्प्यातच राहतं. यांत्रिक बटण लावलं तरी पॉपर लागतोच.

वायरिंगला बसण्याआधी गाडी किती व्होल्टची आहे ते तपासा, गंमत नाही. फोर्डच्या अमेरिकन गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या होत्या आणि त्यातही पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, १९५६ पासून १२ झाल्या. ६ व्होल्टवर १२ चं सोलेनॉइड नुसतं कुरकुरतं. गाडी १२ वर असेल तर बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर, मग रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच), मग सोलेनॉइड. मोठं सोलेनॉइड क्षणभर २५-३० अँपिअर सहज ओढू शकतं, तेवढं स्विचमधून न्यायचं नाही, स्विचने फक्त रिलेची कॉइल चालवायची, रिलेच्या पायांवरच्या आकड्यांप्रमाणे: ३० वर बॅटरी, ८७ वरून सोलेनॉइड, ८५ आणि ८६ कॉइलला. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड टाका, कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका तो गिळतो, १एन४००७ पुरतो, सोलेनॉइडवर टाकायचा तर मोठा घ्या, डायोडवर छापलेल्या पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. अर्थ रंगावर घेऊ नका, पत्रा खरवडून चकचकीत करा आणि दातेरी वॉशर लावा. बिजागरीवर तर अर्थ अजिबात सोडू नका, वेगळी वायर काढा. मग मीटर लावून, सोलेनॉइड ओढत असताना त्याच्या टोकांवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १२.६ आणि इथे दाबताना ९ दिसत असेल तर वायर बारीक आहे किंवा अर्थ कच्चा आहे, मोठं सोलेनॉइड आणून हा प्रश्न सुटत नाही. दारात जाणाऱ्या वायरला रबरी नळी द्या आणि दार उघडझाप करून ती कुठे चिमटत नाही ना बघा.

स्विच हात काढला की सुटणाराच हवा, अडकून राहणारा स्विच लागला तर सोलेनॉइड काही वेळात तापून जळतं. आरशाखाली किंवा दाराच्या खालच्या पट्टीमागे लपवता येतो, पाण्यापासून सुरक्षित घ्या. रिमोट लावत असाल तर चालत्या गाडीत दार उघडणार नाही याची सोय आधी: पाच पायांचा रिले घ्या, रिमोटच्या रिसीव्हरची सप्लाय ८७ए वरून (कॉइल बंद असतानाच जोडलेला पाय) द्या आणि कॉइल इग्निशनला जोडा, चावी फिरवली की रिसीव्हर बंद. बाहेरचा लपवलेला स्विचही त्याच सप्लायवर घ्या.

आता बॅटरी मेल्यावर काय. हे ज्याच्या प्लॅनमध्ये नाही त्याने काम सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. निदान एका दाराला सोलेनॉइडशिवाय वेगळी स्टीलची केबल हवी, सायकलच्या ब्रेकची किंवा बॉनेटची चालते, थेट लॅचच्या पट्टीला जोडलेली, दारातून खांबात आणि तिथून गाडीखाली आणून एका कडीत संपवलेली. कडी अशा जागी ठेवा की वाकून हात जातो पण उभ्याने दिसत नाही, आणि चाकाचा चिखल थेट उडत नाही. जोडीला बॅटरीपासून गाडीखाली दोन टर्मिनल काढून ठेवा, त्यातल्या पॉझिटिव्हला फ्यूज आणि रबरी टोपी लागतेच, म्हणजे बाहेरून जंप देता येईल. मग खरी परीक्षा: सगळ्या काचा वर, दारं लावलेली, बॅटरीची वायर काढलेली, चावी हातात, आणि बाहेरून आत शिरायचं. अंधारात टॉर्चवर एकदा करून बघितलं तर उत्तम. आतलं हँडल मात्र यांत्रिकच राहू द्या, त्याला हात लावू नका, आत माणूस आणि बाहेर धूर अशी वेळ आली तर बटण शोधत बसायला वेळ नसतो. अपघातात मदतीला आलेल्याला बाहेरून हँडल दिसणार नाही हाही मुद्दा आहेच, आणि तपासणीच्या वेळी तुमच्याकडच्या नियमात हँडल नसलेलं दार चालतं का ते आधीच विचारून घ्या.

इतकं सगळं हँडलसकट महिनाभर चालवून झालं, एकदाही अडलं नाही, की मग ग्राइंडर. बॅटरी काढा, दारातली काच, पॅनल, रबर, वायरिंग सगळं बाहेर, वेल्डिंगच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि ते डाग निघत नाहीत. जुना रंग आणि जुनं भरण शिशाचं असू शकतं, मास्क लावा. भोकाच्या मापाचा ठिगळाचा पत्रा दाराइतक्याच जाडीचा घ्या, पत्रा कडेला कड लावून बसवा, एक टाका इकडे, एक पार तिकडे, मधे गार होऊ द्या, सलग ओढलं तर दार पापडासारखं वाकतं. नुसत्या पुट्टीने भोक बुजवायचा विचारही नको, दार आपटून आपटून तिथे चीर जाते. आतून प्रायमर आणि मेण मारा, दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना बघा, बटण बसवलं असेल तर त्याच्या खाचेतूनही पाणी आत येणारच. काढलेली हँडलं, स्प्रिंगा, कुलपाच्या बॅरल डावं-उजवं लिहून पिशवीत ठेवा.

आणि डिकीलाही असंच करायचा मोह झाला, तो होतोच, तर तिलाही वेगळी केबल काढा, आणि जंप केबल कृपया डिकीत ठेवू नका.