पावसाळ्यातले मेसेज: मंडळं आणि सोसायट्यांनो, या चुका टाळा

माहिती कमी पडली म्हणून पावसाळ्यात गोंधळ उडाला, असं ठाण्यात क्वचितच होतं. गोंधळ उडतो तो शिळ्या माहितीने. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचं पाणी दुपारीच ओसरलेलं असतं, पण 'विटाव्याला कमरेइतकं पाणी, येऊ नका' हा मेसेज रात्री अकरापर्यंत फिरत राहतो. दुसऱ्या दिवशी खरंच पाणी भरतं तेव्हा लोक म्हणतात 'कालचाच असेल', आणि बाइक घालतात.

मेसेजला ना जन्म, ना मरण

तारीख-वेळ न घालणं आणि गरज संपल्यावर 'संपली' असं न सांगणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

काही वर्षांपूर्वी कळव्याकडच्या एका नाल्याकाठच्या वस्तीत पाणी शिरलं. माणसं जवळच्या शाळेत हलवली. एका मंडळाच्या उत्साही पोराने तिथूनच टाइप केलं: 'तातडीची मदत हवी!! दीडशे लोक अडकलेत. जेवण, पाणी, चादरी पाठवा. जास्तीत जास्त शेअर करा.' खाली स्वतःचा नंबर. शाळेचं नाव नाही, तारीख नाही, वेळ नाही.

रात्री नऊपर्यंत आजूबाजूच्या सोसायट्यांनी इतकं जेवण आणलं की वाढायला हात कमी पडले. तेव्हा 'पुरे, आता पाठवू नका' एवढी एक ओळ टाकायची होती. कुणी टाकली नाही. मेसेज रातोरात डोंबिवली, बोरिवली करत पुण्यापर्यंत गेला. सकाळी घाटकोपरहून मसालेभाताच्या पाकिटांनी भरलेला टेंपो आला, तेव्हा शाळेत शिपाई सोडून कुणी नव्हतं. वस्तीतली माणसं घरातला चिखल उपसायला परत गेली होती. त्यांना हवे होते खराटे, फावडी, फिनेल, ब्लिचिंग पावडर, सॅनिटरी पॅड. भात दुपारपर्यंत आंबला, आणि तो ढीग उचलायलाही मंडळाचीच पोरं जुंपली गेली.

भाताचं एक वेळ सोडून देऊ. पण त्या पोराचा फोन रात्रभर दात्यांनीच अडवून ठेवला होता. वस्तीतल्या एका बाईची सासू अंथरुणाला खिळलेली, तळमजल्यावर. तिच्याकडे मदतीचा तोच एक नंबर, आणि तो सतत बिझी. शेवटी शेजाऱ्यांनी म्हातारीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट जिना चढवला. कहर म्हणजे पुढच्या जुलैत तोच मेसेज परत उगवला आणि पोराचा फोन परत वाजायला लागला. 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबून उपयोग नसतो. तुमच्या ग्रुपमधला पुसला जातो, पुढे गेलेला फिरतच राहतो.

माझी सवय सांगते. पहिल्या ओळीत तारीख-वेळ, मग ठिकाण खुणेसकट, मग काय हवं आणि किती, शेवटी मुदत: '२२ जुलै, संध्याकाळी ६.४०. नाल्यापलीकडची मनपा शाळा, मारुती मंदिरासमोर. कोरड्या चादरी ४०. जेवण नको, आहे. हा मेसेज रात्री १० पर्यंतच खरा.' दहानंतर गरज असेल तर नवा मेसेज लिहायचा, जुना पुढे ढकलायचा नाही. आणि 'आज', 'उद्या', 'आत्ता' हे शब्द वापरायचेच नाहीत. 'उद्या शाळांना सुट्टी' रात्री बारानंतर फॉरवर्ड झालं की कुठला उद्या? जिल्हाधिकाऱ्यांचं जुनं सुट्टीचं पत्रसुद्धा असंच नव्या पावसात फिरतं, वर तारीख छापलेली असून.

नंबर दोन ठेवा. एक अडकलेल्यांसाठी, दुसरा देणाऱ्यांसाठी. दोन्ही मंडळाच्या नावावरच्या सिमचे, साध्या बटणांच्या फोनमध्ये. तो फोन पाळीपाळीने हातात घ्यायचा. कुणाचा खासगी नंबर लोकांच्या हाती द्यायचा नाही, मुलींचा तर मुळीच नाही.

ब्रॉडकास्टवर भरवसा

नवे कार्यकर्ते आले की पहिली सूचना ठरलेली: 'ताई, ॲप बनवूया.' ॲप नको म्हटलं की व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी. बनवा, पण ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. बाकीच्यांकडे काही जातच नाही, आणि तुम्ही 'सगळ्यांना कळवलंय' म्हणून निवांत. मी मे महिन्यात एक चाचणी मेसेज टाकते, 'मिळाला असेल तर फ्लॅट नंबर लिहा.' उत्तर न देणाऱ्यांची दारं वाजवायची. कंटाळवाणं काम आहे आणि ते कुणालाच नको असतं. पण एकटे राहणारे आजी-आजोबा, ऑक्सिजनवरचा पेशंट, नुकती बाळंत झालेली बाई कुठल्या मजल्यावर आहे, हे त्या फेरीतच कळतं. ती यादी कागदावर ठेवा, दोघा-तिघांकडेच, ग्रुपवर नको.

हद्द न बघता इशारा पुढे ढकलणं

१९१६ हा मुंबई महापालिकेचा नंबर. तो ठाण्यातल्या ग्रुपांवर का फिरवता? इथे ११२, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आणि आपल्या महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा नंबर. तो दर जूनमध्ये लावून बघायचा, उचलतात का ते.

खारघर-कामोठेवाल्यांनी जास्त जपावं. तोंडी सगळे 'नवी मुंबई' म्हणतात, पण तुमची महापालिका पनवेल आणि जिल्हा रायगड. हवामान खात्याचे इशारे जिल्ह्यानुसार असतात. वाशीच्या मेहुण्याने पाठवलेला ठाणे जिल्ह्याचा ऑरेंज अलर्ट बघून तुम्ही निश्चिंत बसाल, आणि रायगडला रेड असेल.

भरतीच्या वेळेचंही तेच. फिरणारा तक्ता बहुतेक वेळा मुंबईचा, म्हणजे अपोलो बंदराचा असतो. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला त्याहून वेळ लागतो. चेंदणी कोळीवाड्यात कुणालाही विचारा, तक्त्यापेक्षा नेमकं सांगतील. वाशी-बेलापूरचे काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खोलगट आहेत, म्हणून तर तिथे पावसाचं पाणी साठवून धरणारे धारण तलाव केले. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही. तिथल्या सोसायट्यांनी भरतीची वेळ आदल्या रात्रीच फळ्यावर लिहावी.

'धरण फुटलं'

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्यानंतर दोन दिवसांनी जुहूच्या नेहरू नगरात पाण्याचा लोंढा येतोय अशी अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. आपल्याकडच्या अफवेत फुटतं ते बदलापूरचं बारवी धरण. धरण भरलं, पाणी सोडलं आणि धरण फुटलं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बारवीचे दरवाजे तर पातळी गाठली की आपोआप उघडतात. नदीकाठच्या गावांना तो इशारा महत्त्वाचाच, पण घोडबंदरच्या बाराव्या मजल्यावरच्याने त्यावर 'पळा' लिहून पाठवायचं कारण नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे खोटा इशारा देऊन घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. माझा नियम सोपा आहे: स्वतः फोन करून खात्री केली नसेल तर फॉरवर्ड नाही. 'खात्री नाही, पण पाठवतोय' लिहिणाऱ्याला मी पावसाळाभर ॲडमिनपदावरून उतरवते. राग येतो लोकांना. येऊ दे.

बाकीच्या चुका

अर्ध्या पोस्टरवर साहेबांचे फोटो आणि मदत केंद्राचा पत्ता तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात: पत्ता वर घ्या, साहेब नंतर. तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज कुणी ऐकत नाही. पीडीएफ नको, नेट रांगत असताना ती उघडत नाही. छातीभर पाण्यातल्या बायकांचे फोटो तर बिलकुल नकोत. ग्रुप 'फक्त ॲडमिन' करायचा तो इशारा आल्या आल्या, शंभर 'काळजी घ्या' पडल्यावर नव्हे.

सगळंच मोबाइलवर

मीटर रूममध्ये पाणी शिरलं की वीज बंद करावी लागते. मग लिफ्ट, वायफाय, चार्जर सगळं एकदम जातं, आणि थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही. अशा वेळी कामाला येतो मंडळाचा सुविचाराचा फळा, आणि गणपतीच्या मिरवणुकीतला बॅटरीवरचा भोंगा. भोंग्याचे सेल मे महिन्यात बदलून ठेवा. फळा गेटच्या आतल्या बाजूला पत्र्याखाली टांगा, भिजलेल्या फळ्यावर खडू उठत नाही.