जॉन ग्रॅहम, पण नेमका कुठला?

मुंबई परिसरातल्या वनस्पतींची 1839 सालची यादी मी उघडली ती करवंदाची जुनी नोंद बघायला. करवंद राहिलं बाजूला. यादी करणारा जॉन ग्रॅहम टपाल खात्यात डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होता. पुस्तक छापून होत असतानाच तो खंडाळ्याला वारला आणि उरलेली पानं जोसेफ निम्मोने पुरी केली. एवढं वाचलं आणि हा माणूस कोण, कुठला, हे शोधायची खोड लागली.

वंशशोधात नवखा माणूस जन्मापासून सुरुवात करतो. मीही केली. ग्रॅहम मूळचा स्कॉटलंडच्या डम्फ्रीस भागातला, आणि तिथे जॉन ग्रॅहम शोधणं म्हणजे कोल्हापुरात बाळू पाटील शोधणं. वयाने जुळणारा एक सापडला. आईबाप, भावंडं, सगळं टिपून आठ दिवस खुशीत होतो. मग त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याची 1843 ची नोंद हाती आली. आमचा माणूस तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती!

म्हणून सुरुवात मरणापासून करा. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्याच्या दफ्तरात आहेत. मुंबईचा विभाग 'एन 3'. दफनाच्या नोंदीत बहुधा वय आणि हुद्दा मिळतो. वय वजा केलं की जन्मसाल, पण एकदोन वर्षं इकडेतिकडे धरून चाला, कारण वय सांगणारा मयत नसतो. गावांची स्पेलिंगंही आलटून पालटून बघा, पुण्याच्या शेवटी 'एच' लावून बघा. साहेबाने कानाला लागलं तसं लिहिलंय. कर्नल साइक्सने तर 1832 च्या पक्ष्यांच्या यादीत दख्खनचं 'डुखुन' करून ठेवलंय.

स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी 1855 पासूनची. त्याआधीचं सगळं पॅरिशच्या, म्हणजे त्या त्या भागातल्या चर्चच्या वह्यांत, आणि तिथे बऱ्याचदा आईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं. जुने कुलवृत्तांत चाळलेल्या माणसाला ही चैनच वाटते. आपल्याकडे वरच्या पिढ्यांत बायकांची नावंच गायब. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, असा तिकडचा जुना रिवाज. तो आपल्याला समजावून सांगायला नको. भावांची नावं क्रमाने लावली की आजोबांचा अंदाज येतो. अंदाजच, पुरावा नव्हे.

सगळ्यात घोळ घालतात ते दुसरे ग्रॅहम. वनस्पतीच्या शास्त्रीय नावामागे नुसतं 'ग्रॅहम' असेल तर तो एडिंबराचा प्राध्यापक रॉबर्ट, 'जे. ग्रॅहम' असेल तर आपला. प्रवासवर्णनं लिहिणारी मराया ग्रॅहम 1809 मध्ये मुंबईत आली, पुढे दक्षिण अमेरिकेत तिने झाडं गोळा केली. आडनाव एक, मुंबई एक, झाडांचं वेडही एक. नात्याचा कागद हाती येईपर्यंत यांपैकी कोणालाही आपल्या वंशवृक्षावर चढवू नका.

माणूस हाती लागत नसेल तर त्याच्या आजूबाजूचे धरा: मृत्युपत्राचे साक्षीदार, व्यवस्थापक, कचेरीतले सोबती. मी सध्या निम्मोच्या मागे आहे. कारकुनाने आडनावात एकच 'एम' घातला असेल, या संशयावरून कालपासून वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळतोय.